सिद्धलिंगप्पा हवालदारांची साक्ष

आमच्या भवानी पेठेत तेव्हा कुणी दारावरून गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, जेवलात का? मराठीत, कानडीत, तेलुगूत, ज्याला जसं जमेल तसं. आता गल्लीत माणूस भेटला की म्हणतो, गाडी बाजूला घ्या. चालायचंच. पण तो प्रश्न ऐकावा तर आमच्या शेजारच्या सिद्धलिंगप्पा हवालदारांच्या तोंडून.

माणूस उंचीला बेताचा, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याचा. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, अंगावर खाकी आणि सायकलच्या हँडलला फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाची चटणी. त्यांची बायको जगदेवी दोन भाकऱ्या जास्तच बांधायची, कारण नवरा वाटेत भेटेल त्याला वाटून मोकळा. "ह्येंना पोलिसात कुनी घेतलं? मठात धाडायचं हुतं की," असं ती माझ्या बायकोला, यशोदाला सांगायची. माझंही तेच मत होतं.

मी जिल्हा कोर्टात कारकून. त्यामुळे त्र्याहत्तर सालची त्यांची साक्ष मला समोर बसून ऐकायला मिळाली.

झालं होतं असं. अक्कलकोटच्या वाटेवरल्या एका गावात मायाप्पा नावाच्या तरण्या पोरानं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाच्या खांद्यावर कोयता घातला आणि तो उसात जाऊन दडला. चुलतभाऊ वाचला. मायाप्पाला धरायला फौजदार आणि सिद्धलिंगप्पा गेले, आणि संध्याकाळी त्याला घेऊनच परतले. हवालदारांनी झुंज देऊन कोयतेवाला धरला, असा पेठेत बोभाटा झाला. लोक विचारायचे, तर हे नुसते मान खाली घालून सायकल पुसत बसायचे.

खटला उभा राहिला तेव्हा आधी फौजदारांची साक्ष झाली. आरोपी कोयता उगारून अंगावर आला, हवालदारांच्या बाहीवर वार बसला, मी झडप घालून कोयता हिसकावला, असं त्यांनी सांगितलं. फाटका खाकी सदरा टेबलावर ठेवलेलाच होता. पोलिसावर खुनी हल्ला केल्याचं सिद्ध झालं असतं, तर मायाप्पाची सगळी जवानी तुरुंगात जाणार होती. आणि सिद्धलिंगप्पांनी मान डोलावली असती, तर त्यांची जमादारकीची बढती पक्की होती.

त्यांच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या कट्ट्यावर येऊन बसले. "भाऊसाहेब, फौजदारसायबांनी सांगितलंय तसंच बोलायचं म्हनून. काय करू?"

मी म्हणालो, "मी कोर्टाचा माणूस, हवालदार. मला हे विचारू नका."

"व्हय, तेबी खरंच," म्हणाले आणि उठले. त्या दिवशी जेवलात का, हे विचारायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा टोपी काखेत, कपाळावर भस्म. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपी कोयता घेऊन उसातून बाहेर आला. मग तुम्ही काय केलंत?"

"इचारलं, साहेब."

"काय विचारलंत?"

"बा तम्मा, ऊट आय्तेनु?"

न्यायाधीश पुण्याकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहून अर्थ सांगितला, "ये बाबा, जेवण झालं का?" कोर्टात हशा पिकला. फौजदार मात्र हसले नाहीत.

"हातात कोयता असलेल्या माणसाला तुम्ही जेवण विचारलंत?"

"शिट्टी मारायची हुती, साहेब. पन आमच्यात म्होरं आलेल्याला पयलं ह्येच इचारत्यात. सवयीनं तोंडातनं निगून गेलं. त्यो न्हाय म्हनला. मग भाकरी काडली."

"आणि कोयता?"

"कडक भाकरी एका हातानं मोडत न्हाई, साहेब. तुकडं भुईवर सांडत्यात. अन्न सांडू नये म्हनून त्येनंच कोयता खाली ठिवला. खाऊन झाल्यावर आमच्यासंगं आला. फौजदारसायेब बांधापलीकडं जीपपाशी हुते."

"मग बाही कशानं फाटली?"

"बाभळीच्या कुंपनानं."

सरकारी वकील तांबडेलाल झाले. साक्षीदार फितूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि भाकरीत काय मिसळलं होतं इथपर्यंत उलटसुलट विचारलं. न्यायाधीशांनी एकच विचारलं, "तुम्हाला त्याची भीती नाही वाटली?"

"लई वाटली की, साहेब."

फितूर हा शब्द मला आजही झोंबतो. सबंध खटल्यात खरं बोलणारा तेवढा एक माणूस होता, आणि नेमका तोच फितूर!

निकालाच्या आधीच त्यांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. उजनी धरणाच्या बांधकामावर बंदोबस्त. जमादारकी बुडाली ती कायमची. तरी निकाल ऐकायला ते आले आणि दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. पोलिसावरच्या हल्ल्यातून मायाप्पा सुटला. चुलतभावाच्या जखमेबद्दल थोडी सजा झाली, आणि ती रास्तच होती.

बाहेर व्हरांड्यात खात्यातली माणसं सिद्धलिंगप्पांना टाळून जात होती. ते बाकावर एकटे बसले होते, फडक्याची गाठ तशीच. मायाप्पाला बेड्या घालून समोरून नेत होते. तो थांबला. बरोबरच्या शिपायानं ओढलं तरी हलेना.

"अण्णा," तो म्हणाला, "ऊट आय्तेनु?"

साक्षीच्या दिवशी पापणी न हललेला तो माणूस हुंदके देऊन रडला. "इल्ला, तम्मा," नाही रे बाबा, एवढंच म्हणाला. मला सांगायला लाज नाही, मीही रडलो.

मग त्यांनी फडकं सोडलं. मायाप्पाचे हात बेडीत होते, म्हणून सिद्धलिंगप्पांनीच भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ओंजळीत ठेवली.