नावाला जपणारी रूथमावशी

रूथमावशी भर प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून बसायची. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत हा मोठाच गुन्हा. आमच्याकडे प्रार्थना करणारा दर तिसऱ्या शब्दाला ‘प्रभू’ म्हणतो. काही सुचेनासं झालं की दोनदा म्हणतो. माझी प्रार्थना तर गाजलेली. एकदा वीस मिनिटं प्रार्थना करून मी घाम पुसत बाहेर आलो, तर मावशी म्हणाली, “मास्तर, बापाला सारखी हाक मारायची अन् काम काय ते सांगायचंच न्हाई. घरी असं केलं असतंस तर थोबाड फुटलं असतं.”

तिला हा अधिकार होता. सरकारी दवाखान्यात आया असताना मला जन्मल्या जन्मल्या तिनंच हातात घेतलं होतं. निवृत्तीनंतर चर्चची किल्ली तिच्याकडे आली. देवाचं नाव ती जपून घ्यायची. बाजारात भाजीवाली “देवाशप्पथ, ताजी हाय” म्हणाली की मेथीची जुडी परत ठेवायची. “ताजी असती तर त्याला मधी आनलं नसतंस.”

माझा थोरला भाऊ मंडळीचा पंच. त्याच्या पिकअपच्या काचेवर देवाचं नाव नंबर प्लेटपेक्षा मोठं. एका बुधवारी संध्याकाळी त्या पिकअपनं एका शेतमजूर बाईला उडवलं. भाऊ थांबला नाही. बाईचा पाय मोडला. पोलीस आले तेव्हा भाऊ म्हणाला, “गाडी कुणी नेली ठाऊक नाही, मी तर प्रार्थनासभेत होतो.” चर्चच्या समितीतल्या आम्ही चौघांनी तसाच जबाब दिला. शेवटची प्रार्थना त्यानंच केली, अशी भर मी घातली. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

हवालदार मावशीकडेही गेला. “देवाची शपथ घेऊन सांगा.”

“शपथ कशाला? न्हवता तो. दार मीच उघडलं, मीच लावलं.”

दुसऱ्या दिवशी भाऊ तिच्या दारात ओरडला, “मंडळीचं नाव घालवलंस, मावशी!”

“मंडळीचं न्हाई रे. ‘तुझं नाव पवित्र मानलं जावो’ म्हनतो ना आपन? ते नाव तुमी लपायला वापरलं.”

पण चार प्रतिष्ठितांपुढे एका आयाचं कोण ऐकतो? प्रकरण थंडावलं. समितीनं तिच्याकडून किल्ली काढून घेतली. ठरावात ‘प्रार्थनापूर्वक’ हा शब्द माझा.

दोन महिन्यांनी ती अंथरुणाला खिळली. मी बायबल घेऊन गेलो, डोळे मिटून “हे प्रभू” म्हणालो, तोच तिनं माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे. आधी ठान्यात जाऊन ये.”

मी चिडून घरी आलो. प्रार्थनेला बसलो की माझाच आवाज मला वकिलासारखा वाटायचा. चौथ्या दिवशी ठाण्यात जाऊन जबाब बदलला. साहेब म्हणाले, “मास्तर, आता तुमच्यावरही येईल.” भावावर गुन्हा दाखल झाला. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

शाबासकीच्या आशेनं मी मावशीकडे गेलो. “मग? हार घालू?” ती म्हणाली. “त्या बाईकडं गेल्तास का?”

“नाही.”

“जा. अन् तिथं प्रार्थना नको करू. माफी माग.”

मी चालढकल केली. शनिवारी मावशी गेली. दफनविधीला किल्ली काढून घेणारे सगळे हजर होते, आणि प्रत्येकाला तिच्याविषयी देवाचे आभार मानायचे होते.

सोमवारी मी वस्तीवर गेलो. बाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं हातानं पाय उचलून जवळ घेतला. मग म्हणाली, “एक म्हातारी यायची माझ्याकडं, आया हुती म्हनं. पाय चोळून द्यायची. देवाधर्माचं काई बोलली न्हाई कदी. कुठल्या देवाची हुती वो ती?”

“आमच्याच,” मी म्हणालो. आणि माझ्या तोंडून ते ऐकून देवाला काय वाटलं असेल, या विचारानं माझी मान वर होईना.