डेला कोवारिकने मोसम सोडला तेव्हा

जेवताना मीटलोफचं ताट एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं, तेवढ्यात डेलाने सांगून टाकलं, "यंदा मी शाळेकडून सॉफ्टबॉल खेळणार नाहीये. भालाफेकीत नाव दिलंय."

रॉस कोवारिकचा काटा हवेतच राहिला. कॅन्ससच्या पश्चिमेला टर्नली नावाच्या गावात त्याचं गव्हाच्या कापणीयंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस अबोल, पण पोरीच्या खेळाचा विषय निघाला की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून बोलत बसायचा. डेला आठ वर्षांची असल्यापासून कॅचर होती, फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारी, आणि तेव्हापासून तिला अंगणात चेंडू टाकणारा तोच.

"थट्टा करतेस का पोरी?"

"नाही डॅड."

"अगं, त्या हॉलस्टेडबाई किती महिने फोन करतायत! त्यांच्या कॉलेजच्या टीमला कॅचर हवीये. आणि तू ऐन अकरावीत पाठ फिरवणार? शाळेची टीम वाऱ्यावर सोडलेली पोरगी कोण घेईल?"

"कॉलेजवाले उन्हाळ्यात क्लबच्या सामन्यांना येतात. शाळेच्या सामन्यांना कोण फिरकतंय?"

"फिरकत नसतील, पण विचारतात तर! का सोडलंस म्हणून विचारलं, तर काय सांगशील?"

डेलाने मान खाली घालून बटाटे चिवडले. खरं उत्तर तिने आईच्याही कानावर घातलेलं नव्हतं.

मागच्या मोसमाच्या शेवटी, घरच्याच मैदानावर, समोरच्या संघाची एक मुलगी दुसऱ्या बेसकडे चोरून पळाली होती. तिला बाद करायला डेलाने बसल्या जागेवरून चेंडू सणसणीत फेकला. अशा वेळी मधे उभ्या असलेल्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणारीने, खाली वाकायचं असतं. डेलाच्या टीमची पिचर यादिरा मोंतेस वाकलीही, पण तिचा पाय घसरला आणि चेंडू तिच्या डोळ्याखाली बसला. गालाचं हाड मोडल्याचा आवाज डेलाने आपल्या जागेवरून ऐकला.

डेलाला कोणीच बोल लावला नाही. चूक नव्हतीच तिची. पण त्यानंतर तिच्या हाताला काहीतरी झालं. मैदानाच्या टोकावरून ती चेंडू पूर्वीसारखाच फेकायची. पण झेललेला चेंडू पिचरला परत द्यायचा, म्हणजे शेंबड्या पोरालाही जमावं असं काम, तेव्हा समोरचा चेहरा दिसला की बोटं आखडायची. चेंडू कधी पायाशी आपटायचा, कधी पिचरच्या डोक्यावरून जायचा. सगळा उन्हाळा तिने क्लबमध्ये खांदा दुखतो असं सांगून उजव्या कोपऱ्यात उभं राहून काढला. हॉलस्टेडबाई फोनवर खांद्याची चौकशी करायच्या आणि डेला म्हणायची, "बरा होतोय."

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या कोच ब्रँट यांना भेटायला गेली. ब्रँटबाई जीवशास्त्र शिकवायच्या. प्रयोगशाळेत भांडी धुताधुता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग कॅचर कोण?" त्यांनी वळूनही न पाहता विचारलं. "टीम जेमतेम भरतेय माझी. नववीतल्या पोरीला मुखवटा चढवून बसवू?"

"सॉरी, कोच."

"भाला फेकायचाय तर फेक, तुझा हात आहे. पण कॉलेजवाल्यांचा मला फोन आला, तर मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. सोडून गेली म्हणजे सोडून गेली, असंच सांगेन."

मार्चमध्ये वारं सुटलं. भालाफेकीच्या पट्टीपुढे मोकळं गवत होतं आणि त्यापलीकडे नुसतं आकाश. समोर कोणाचाही चेहरा नव्हता. डेला धावत यायची, हात मागे न्यायची आणि बोटं आपसूक सुटायची. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. पण पलीकडच्या मैदानावरून बॅटचा आवाज आला की ती भाला खाली ठेवून तिकडे बघत राहायची. टीम एकामागून एक सामने हरत होती. गावातल्या कॅफेत रॉसला लोक टोचून विचारायचे, "काय रॉस, लेकीला आमची टीम हलकी वाटायला लागली का?"

एके दिवशी यादिराने तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. तिच्या डोळ्याखाली बारीक वण होता. ती पुन्हा पिचिंग करत होती, तोंडावर जाळी बांधून.

"लोक म्हणतात तू शेफारलीस," यादिरा म्हणाली.

"म्हणू देत."

"मला नाही तसं वाटत. उन्हाळ्यात तुझा सामना बघायला आले होते मी. मधल्या वेळात एकीने हसत हसत चेंडू मागितला, तर तू तो चालत नेऊन तिच्या हातात दिलास. खांदा दुखणारी बाई शेवटच्या कुंपणापासून थेट कॅचरपर्यंत फेकते आणि दहा पावलांवर चालत जाते?"

डेला वाकून बुटाची नाडी बांधू लागली.

"हाड माझं मोडलं, बये," यादिरा चिडून म्हणाली, "आणि खेळायची बंद तू झालीस! मला विचारायचंस तरी एकदा."

"काय विचारणार होते? पुन्हा मारू का?"

यादिरा हसली नाही. "हॉलस्टेडबाईंना सांग," एवढंच बोलून ती मैदानाकडे निघून गेली.

डेलाने सांगितलं नाही. एप्रिलमध्ये हॉलस्टेडबाईंचाच फोन आला. "येत्या आठवड्यात तुमच्याकडे येतेय. शाळेचा सामना आहे ना? तुला कॅचर म्हणून बघायचंय."

डेला म्हणाली, "मी... मी यंदा शाळेकडून खेळत नाहीये. भालाफेक करते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "असं? मग मी तिकडेच येते."

भालाफेकीच्या स्पर्धेच्या दिवशी वारा उलटा होता. डेलाने पहिला भाला फेकला तेव्हा तिचा पाय रेषेबाहेर पडला. दुसरा भाला आडवा पडला. कुंपणापाशी कॉलेजचं जॅकेट घातलेल्या, पिकल्या केसांच्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेजारी रॉस उगीच टोपी काढून घालत होता. तिसरा भाला मात्र टोकावर रुतला. तिसरा नंबर आला.

ती जवळ आली तेव्हा हॉलस्टेडबाईंनी शाबासकीही दिली नाही. सरळ विचारलं, "टीम का सोडलीस?"

"खांद्याला जरा आराम..." रॉस घाईघाईने बोलू लागला.

"खांद्याला काही झालेलं नाही, डॅड," डेला म्हणाली. आणि मग थांबताच येईना. घसरलेला पाय, हाडाचा आवाज, आखडणारी बोटं, सगळं तिने तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. रॉसने टोपी हातात घट्ट धरली. रोज अंगणात उभ्या राहणाऱ्या बापाला एवढी गोष्ट कळली नव्हती. म्हणजे, मागच्या मेपासून ती अंगणातही आली नव्हती, आणि मोठी झाली पोर, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली होती.

बाई गाडीकडे गेल्या आणि चेंडू व ग्लोव्ह घेऊन आल्या. एक चेंडू डेलाला देऊन त्या पिचरच्या अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. "टाक."

पहिला चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. तो रॉसने धावत जाऊन आणला. दुसरा पायाशी आपटला. तिसऱ्याला बोटं इतकी घट्ट झाली की चेंडू सुटलाच नाही.

"मी कुठे जात नाहीये," बाई जागेवरूनच म्हणाल्या. "टाक."

चौथा त्यांच्या गुडघ्यापाशी पोचला. त्यांनी वाकून झेलला आणि ग्लोव्ह काढला.

"हे बघ डेला, शाळेकडून खेळली नाहीस, त्याचं मला काही नाही. दुसरा खेळ खेळणाऱ्या मुली मला आवडतात. उन्हाळ्यात मी तुला पाहीन, तेवढं पुरतं. पण इतके महिने मी कॅचर शोधतेय आणि तू खांद्याच्या गोष्टी सांगितल्यास. त्याचा मला राग आलाय." मग त्या रॉसकडे वळल्या. "तिच्या शाळेच्या कोचचा नंबर द्या."

तो आठवडा डेलाने ब्रँटबाईंना टाळलं. शेवटी ती प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"केला होता त्यांनी फोन," ब्रँटबाई म्हणाल्या. "सोडून गेली, असंच सांगितलं. खोटं बोलणार नाही म्हटलं होतं ना?"

"हो, कोच."

"मग मीच त्यांना म्हणाले, पण पोरगी हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर मैदान झाडायला येते. कोणी बोलावत नाही, कोणाशी बोलत नाही, झाडते आणि जाते." त्यांनी चष्मा पुसला. "तेही खरंच होतं. यादिरा सरावाच्या जागी थांबलीये. म्हणते, कॅचर मिळाल्याशिवाय घरी जाणार नाही. जा."

यादिरा जाळी बांधून उभी होती. "वाकून दाखवू का आधी?" ती म्हणाली, आणि या वेळी दोघी हसल्या. डेलाचे निम्मे चेंडू भलतीकडे गेले. यादिरा शिव्या घालत ते उचलून आणत राहिली. शाळेला सुट्टी लागेपर्यंत, मग सगळा जून, रोज.

उन्हाळ्यात क्लबकडून डेला काही डाव कॅचर म्हणून बसली, बाकीचे उजव्या कोपऱ्यात उभी राहिली. हॉलस्टेडबाई दोनदा आल्या आणि न बोलता गेल्या. ऑक्टोबरात त्यांचा फोन आला तेव्हा रॉस यंत्राखाली आडवा होता. डेला फोन घेऊन दुकानातच धावत आली.

"कॅचर म्हणून मी नेब्रास्कातली मुलगी घेतली," बाई म्हणाल्या. "तुला उजव्या कोपऱ्यात जागा आहे. आमच्या ॲथलेटिक्सच्या संघाचे कोच भाल्यासाठीही विचारतायत. शिष्यवृत्ती दोघं मिळून देऊ. चालेल?"

यंत्राखालून रॉसचे नुसते बूट दिसत होते, एकदम स्तब्ध.

"चालेल," डेला म्हणाली. मग तिने श्वास घेतला. "पण कॅचरच्या जागेसाठी मी पुन्हा येऊन दाखवलं तर?"

"तुझे चेंडू अजून भलतीकडे जातात."

"हो. दहांतले दोन-तीन."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "ये, दाखव."