पोरं कर्णावरून चालत नाहीत

आमच्या गणिताच्या सरांइतका खरा, आणि खरेपणापायी इतका गैरसोयीचा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही. हे वाक्य सरांनी वाचलं तर पहिला प्रश्न येईल, "अख्खा जिल्हा मोजला का रे?" मोजला नाही. न मोजता लिहायची माझी जुनी खोड आहे, आणि हे लिहिणं त्या खोडीबद्दलच आहे.

सर केशोरीकडचे. आमच्या तलावाकाठच्या गावात सरकारी शाळेवर आले, तेव्हा स्कूटरच्या डिक्कीत डबा नव्हता, दोरी होती. दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी. तीन, चार आणि पाच गाठींच्या बाजू करून ताणली की कोपऱ्यात चोख काटकोन. पायथागोरसचा सिद्धांत आम्ही फळ्यावर नंतर पाहिला, आधी धानाच्या बांधीत पाहिला. जिथे कोपरा दिसेल तिथे सरांची दोरी निघायची. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात तर त्यांनी मांडवालाच दोरी लावली. काका हात जोडून म्हणाले, "गुरुजी, लग्न लागून राहिलं, आता कायले दोरी काढता?" सर म्हणाले, "खांब तिरपा आहे." काका म्हणाले, "नवरदेव पण थोडा तिरपाच आहे, घेऊन राहिलो ना चालवून." तरी खांब उपटला गेला आणि सरळ रोवला गेला. अर्धं वऱ्हाड त्या कामाला लागलं होतं.

त्यांना वेळ विचारली तर "जवळपास दहा" म्हणायचे. वय विचारलं तर "जवळपास पन्नास". म्हणायचे, "जवळपास म्हणायची लाज नाही. खोटं 'बरोबर' म्हणायची लाज पाहिजे." हा धडा त्यांनी आम्हाला आठवीत दिला. दोन्ही बाजू एक-एक असलेला काटकोन त्रिकोण काढून विचारलं, कर्ण किती? कोणी म्हणालं दीड. दीडचा वर्ग सव्वादोन, जास्त झाला. एक पूर्णांक चार घेतलं तर दोनपेक्षा कमी. मागच्या बाकावरची पोरगी वैतागली. "सर, हे संपते कधी?"

"संपतच नाही. अपरिमेय म्हणतात याले."

"मग आपण कायले करून राहिलो?"

"जवळ जाऊन राहिलो ना."

शाळेच्या ओसरीच्या भिंतीवर सरांनी स्वतः एक आणि दशांशाचा ठिपका रंगवला होता. त्या कर्णाचा पुढचा एकेक अंक दरवर्षीच्या आठवीनं हातानं काढायचा, मोबाइल बाहेर ठेवून. थाळीएवढे अंक. आमच्या वर्गाच्या वाट्याला दोन आला. आम्ही आधी घाईत तीन रंगवला, तर सरांनी आमच्याकडूनच भिंत पुसून घेतली, आणि त्यानंतरचे दोन दिवस आम्ही गुणाकारच करत होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी गोंदियाला कॉलेजात होतो, मोर्चे काढत होतो, पत्रकं लिहीत होतो. तेव्हा कागद आला की पट कमी आहे, तीन किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे, सबब आमची शाळा बंद. कोण्या दिवट्यानं नकाशावर पट्टी ठेवून तलावाच्या पाण्यावरून अंतर मोजलं होतं. खरा रस्ता पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, दोन किलोमीटर, मग काटकोनात वळून कालव्यानं आणखी दोन. सरांनी मला चिठ्ठी लिहून दिली: "रस्ता चार. कर्ण आठाचं वर्गमूळ, तीनपेक्षा कमी. कार्यालयानं कर्ण मोजला. पोरं कर्णावरून चालत नाहीत."

यापेक्षा चांगलं पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही. पण तेव्हा मला वाटलं, वर्गमूळ कोण वाचतो? मी जाड अक्षरात लिहिलं, "लेकरांची पाच किलोमीटर पायपीट".

सर म्हणाले, "चार आहे रे."

"पत्रकात जोर लागतो, सर."

"चारात जोर नाही का? तीनच्या वर आहे. पुरते."

मी पाचच छापलं.

आमच्या हरकतीच्या सुनावणीला शिक्षण खात्याच्या साहेबांनी मोटारसायकल पाठवून रस्ता मोजूनच आणला होता. "पाच कुठून आणले?" मी ऐटीत बोट दाखवलं, "आमच्या गणिताच्या सरांना विचारा." सर उठले. माझ्याकडे पाहिलं. "पाच नाही साहेब. चार आहे. पण चार म्हणजे सुद्धा..." पुढचं कोणी ऐकलंच नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे पत्रक खोटं," आणि कारकुनानं तेवढंच लिहून घेतलं. हरकत फेटाळली.

बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर सरांना बोललो. "एक किलोमीटर पोटात घातला असता तर काय बिघडलं असतं? नोकरी जपली तुम्ही." सर दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "तुले मीच शिकवलं ना. मग चूक माझी पण आहे. जवळपास अर्धी."

शाळा बंद झाली. सरांची बदली झाली. त्यांना निरोप द्यायला मी गेलो नाही. आठवीतल्या दोन पोरींनी पाळीवरची वाट धरलीच नाही, त्या घरी बसल्या. याला दोन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात त्या ओसरीवर गेलो. दाराला कुलूप, भिंतीवर दहा वर्षांचे दहा अंक, शेवटचा तीन, आणि त्यापुढे सरांनी काढलेले तीन ठिपके. वही काढून बसलो. दुपार गेली. मग फोन लावला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"सर, सात येते."

पलीकडून आवाज आला, "वर्ग करून पाहिला का?"

"पाहिला. दोनच्या आत आहे."

"अन् आठ घेतला तर?"

"वर जाते."

"मग सातच."

मी म्हणालो, "सर, तेव्हा चार लिहायला पाहिजे होतं."

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे रे, झालं गेलं. सर म्हणाले, "हाव. पाहिजे होतं." माझ्यासाठीही त्यांनी आकडा गोल करून दिला नाही.

मग हळूच म्हणाले, "सात रंगवून टाक. ऑइल पेंटनं कर. चुना पावसात निघून जाते."