चर्चा करावी

“एकदा सही केली का माणूस अडकते, भाऊ,” असं म्हणून ते पेनाला टोपण लावून टाकायचे. टोपण लावताना बारीकसा ‘टक्’ आवाज व्हायचा. दिवसभरात त्या टेबलावर काही काम झालं, याचा तेवढाच पुरावा असे.

तुम्हीही असा माणूस पाहिलाच असेल. टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो, बोलणं गोड आणि काम शून्य. अमरावतीच्या बाजूच्या एका विद्यापीठात ते दाखले विभागाचे अधीक्षक होते. मी अकोल्याचा, एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा. परीक्षेचे अर्ज, गुणपत्रिका, वसतिगृह, दाखले, असं विद्यार्थ्यांचं सगळं एकाच पोर्टलवर आणायचं काम आमच्याकडे होतं. गावातल्या पोरांनी घरी बसून मोबाइलवर अर्ज करावा, दाखला तिथेच मिळावा, चकरा बंद व्हाव्यात, असा सगळा बेत होता. त्यात हा माणूस माझ्या वाट्याला आला. मला तो आवडायचा नाही. स्पष्टच सांगतो, आजही आवडत नाही.

अर्ज तपासणाऱ्यासाठी मी दोन बटणं केली होती, मंजूर आणि नामंजूर. त्यांनी चष्मा वर सरकवून स्क्रीन पाहिली.

“तिसरं कुठी आहे?”

“तिसरं कोणतं, सर?”

“चर्चा करावी.”

ज्यांनी सरकारी फाइल कधी हातात धरली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ज्या फाइलवर सही करायची नसते आणि नाही म्हणायचीही छाती नसते, तिच्यावर साहेब ‘चर्चा करावी’ असं लिहून ती खाली पाठवतात. चर्चा कोणी, कोणाशी, कधी करायची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी भांडलो. असल्या गोष्टी बंद करायलाच तर पोर्टल आहे, म्हटलं. पण समितीच्या बैठकीत, एरवी चहाच्या वेळेवरही एकमत न होणारे सगळे अधिकारी एका सुरात म्हणाले, “ते त लागतेच.” बटण द्यावं लागलं.

पोर्टल सुरू झालं आणि त्यांचा माऊस त्या तिसऱ्या बटणावर मुक्कामालाच गेला.

“कागद हातात नाई, पोरगं समोर नाई. मंजूर कशाच्या भरवशावर करू?”

“सर, सगळे कागद स्क्रीनवर दिसतात ना.”

“स्क्रीनवर त सिनेमाही दिसते.”

एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. नोकरीला नवीन असताना वरच्या साहेबांच्या शब्दावर एका गुणपत्रिकेवर सही केली, ती बोगस निघाली. साहेब सुटले, हे चौकशीत अडकले आणि बढती कायमची रखडली. “तवापासून घरी पोस्टमन आला तरी सही बायकोच करते,” म्हणाले आणि हसले. ते हसणं पाहून मला वाईट वाटलं. मग त्यांनी कप ठेवला, पुढच्या अर्जावर तिसरं बटण दाबलं, आणि माझं वाईट वाटणं संपलं.

बाळापूरच्या एका मुलीचा हैदराबादला एम.एस्सी.ला नंबर लागला होता. इथून स्थलांतर प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता आणि मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मोबाइलवर तिला आपल्या अर्जाखाली ‘चर्चा करावी’ असं दिसलं. तिला बिचारीला वाटलं, आपल्यालाच बोलावलं आहे. सकाळच्या गाडीनं आली आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

“सर, चर्चा कराले आली.”

सगळा विभाग मान वर करून बघायला लागला. त्या शेऱ्यानंतर चर्चेला कोणी आल्याचं त्यांच्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं.

“कोणं बोलावलं तुले?”

“तुमीच लिवलं ना, सर.”

ते गोंधळले, मग सावरले. तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि खरोखरच चर्चा केली. बाळापूरला घर कोणत्या भागात, वडील काय करतात, एवढ्या लांब काहून चालली, तिकडचं आंबट जेवण सोसन का. वडील गवंडी आहेत, घरातून एवढं शिकणारी मीच पहिली, असं ती मांडीवरची बॅग घट्ट धरून सांगत होती. मी शेजारच्या टेबलावर एका लिपिकाला पोर्टल शिकवत होतो. शेवटी त्यांनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं.

“झालं का, सर?”

“झालं ना बेटा. जाय आता, गाडी भेटन तुले.”

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही.

मुदत संपल्यावर पोर्टलच्या मदत क्रमांकावर तिचा फोन आला. तो फोन माझ्याकडेच असे. “सर, चर्चा त झाली. मंग दाखला काहून नाई आला?” मी अर्ज उघडला. तो मंजूर नव्हता, नामंजूरही नव्हता. खाली फक्त एक शेरा वाढला होता, ‘चर्चा केली.’ हैदराबादची जागा दुसऱ्या कोणाला गेली होती. मी वर लेखी तक्रार केली. ती परत आली तेव्हा तिच्यावरही ‘चर्चा करावी’ असंच होतं. मग मी त्या माणसाशी बोलणंच टाकलं.

मागच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. साहेबांनी आयुष्यात कोणाला ‘नाही’ म्हटलं नाही, असं एक जण म्हणाला आणि टाळ्या पडल्या. माझे हात खिशात होते. त्या पोरीला त्यांनी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं, तर ती कुलगुरूंच्या दारात जाऊन बसली असती. तेवढी धमक तिच्यात होती.

जेवणाकडे निघताना त्यांनी माझा हात धरला.

“भाऊ, ते बाळापूरची पोरगी आली व्हती ना. लय चांगली बोलत व्हती. गेली ना हैदराबादले?”

“नाही, सर. दाखला मिळाला नाही. जागा गेली तिची.”

त्यांचे डोळे भरले. अगदी खरे भरले.

“अरे रे! मंग मले सांगाचं ना कोणी!”

मी हात सोडवून घेतला आणि न जेवताच अकोल्याची बस धरली.