जर्मन बंगल्याचे मालक

आमच्या गावाबाहेर, वलगावकडून येणाऱ्या रस्त्याला लागून एक दुमजली दगडी बंगला आहे. त्याच्या एका कोपऱ्याला गोल मनोरा आणि मनोऱ्यावर पत्र्याची टोकदार टोपी. आजूबाजूच्या गावांत त्याला जर्मन बंगला म्हणतात. कापूस खरेदीला आलेल्या कुण्या जर्मन साहेबानं आपल्या देशातल्या किल्ल्यासारखा तो बांधून घेतला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. नंतर एके दिवशी गावच्या सरपंचांचा फोन आला. शेवटच्या मालकांनी बंगला ग्रामपंचायतीला देऊन टाकला होता आणि तिथं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका होणार होती.

"मॅडम, दारापाशी बोर्ड लावाचा हाय," सरपंच म्हणाले. "जर्मन सायबाचा इतिहास लिहून द्या. जास्त नाई, धा ओळी."

मला फार आनंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावांचा इतिहास शिकवला, आता आपल्या गावाचा लिहायचा होता. मी तहसिलीत जाऊन जुने फेरफार काढायला लावले. तिथले कारकून आधी कुरकुरले, पण दोन दिवसांत त्यांनाच गोडी लागली. मी पोचायच्या आत ते पुढची वही झटकून ठेवत आणि "आज वकिलाचा पोरगा बंगला विकते बरं का मॅडम" असं सांगून टाकत.

बंगला बांधला होता अकोल्याच्या एका जिनिंगवाल्यानं. हंगामात कापसाच्या गाड्या कुठवर आल्या ते मनोऱ्यावरून दिसावं म्हणून. वाटणीत तो धाकट्या भावाकडे गेला. भावाला गाव आवडेना, त्यानं अमरावतीच्या एका वकिलांना विकला. वकिलांनी मागं संत्र्याची बाग लावली. त्यांच्या मुलानं मूर्तिजापूरच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला विकला आणि व्यापाऱ्याच्या नातवंडांनी ग्रामपंचायतीला बक्षीसपत्र करून दिलं.

मी नोंदी पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. त्यात जर्मन कुठंच नव्हता.

हे सांगायला गावी गेले, तर बंगल्याच्या ओसरीवर निम्मं गाव जमलेलं. माझं बोलणं ऐकून सरपंचांचा चेहरा उतरला. एक म्हातारे गृहस्थ तर उठूनच उभे राहिले.

"असं कसं? माह्या बापानं पाह्यला थो साहेब! कुत्र्याले बिस्किटं चारे!"

"तुह्या बापानं काय काय पाह्यलं मले नको सांगू," खालच्या पायरीवरून एक आवाज आला. आमच्याच मोहल्ल्यातल्या काकू होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, हातात काठी. "कोनता साहेब रे? जर्मनचे गंज होते अठी. वरपासून खालपर्यंत, खोल्या भरून!"

ओसरीवर हशा पिकला. आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात आणि पातेल्याला गंज. व्यापाऱ्यानं सगळ्या बंगल्याचं भांड्यांचं गोदाम केलं होतं आणि जर्मनच्या भांड्यांचा बंगला तो जर्मन बंगला झाला. पुढं लोकांनीच त्यात साहेब आणून बसवला, कुत्र्यासकट.

मी काकूंजवळ पायरीवर बसले. त्या तरुणपणी इथं कामाला होत्या. बाया तणसात भांडी बांधायच्या, ठोकर लागलेली वेगळी काढायच्या. त्यांना आत यायला मागचं दार होतं.

"तुही मायबी होती ना माह्यासंगं," काकू सहज म्हणाल्या.

मला हे ठाऊकच नव्हतं. माझी आई शेतात निंदायला जायची, एवढंच मला माहीत. मी शाळेत जाऊ लागले तोवर हे काम सुटलं असणार, आणि तिनं पुढं कधी विषयही काढला नाही. माझ्या आठवणीतली आई कडक, कमी बोलणारी. तिच्यासमोर आम्ही भावंडं मोठ्यानं हसायचोसुद्धा नाही.

"काय करे ती इथं?" मी विचारलं.

"काम कमी न् नकला जास्त! शेठ गेला का झाकन डोक्शावर टोपीसारखं ठेवे, पोट पुढं काढे न् त्याच्यावानी चाले. 'ए बाई, हात चालव, हात!' आमी हासून हासून तणसात लोळो."

मी हसता हसता डोळे पुसू लागले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लय मजेची होती वं तुही माय."

त्याच दिवशी मी ठरवलं. बोर्डाच्या मजकुरात जिनिंगवाला, त्याचा भाऊ, वकील, व्यापारी असे सगळे मालक लिहिले आणि खाली इथं काम केलेल्या बायांची नावं. काकूंनी ती एकेक आठवून सांगितली, कोण कुठल्या गावची सून, तेही. सरपंचांनी कागद उलटसुलट केला.

"मॅडम, ह्या धा ओळी नाई होत."

"मग बोर्ड मोठा करा."

"करा लागते," ते म्हणाले आणि पेंटरला फोन लावला.

उद्घाटनाला काकू समोरच्या दारातून आल्या, नवं लुगडं नेसून. त्यांना वाचता येत नाही, म्हणून अभ्यासिकेतल्या एका मुलीनं बोर्ड मोठ्यानं वाचला. मालकांची नावं चालू होती तेव्हा काकू इकडंतिकडं पाहत होत्या. बायांची नावं सुरू झाली तशा त्या प्रत्येक नावाला मान हलवू लागल्या. आईचं नाव आलं तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. यादी संपली.

"एक राह्यली," काकू म्हणाल्या. "थे रिद्धपूरची. बोबडी. लय काम करे बिचारी. माह्याच ध्यानातून गेली."

मंडपात पाहुणे भाषणासाठी ताटकळले होते. सरपंचांनी पेंटरला शिडी आणायला सांगितलं.