विमानाच्या पंखावरची रेघ

नरसय्याच्या मुलीचा, लक्ष्मीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, अप्पा गेले... पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणालो. पन्नास वर्षं जुन्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून मी "बरं" म्हणालो, याची लाज नंतर वाटली. त्या वेळी गालावरचा साबण वाळत होता, एवढंच आठवतं. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "तुमच्याकडं अप्पांचा तरुणपणीचा एखादा फोटो असंल की. आमच्याकडं आधारकार्डावरचा आहे, पण त्यात अप्पा चोरासारखे दिसालेत."

शुक्रवार पेठेतला माझा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण निगेटिव्हच्या पेट्या अजून माडीवर आहेत. तीन दिवस मी त्या उपसल्या. लग्नं, बारशी, गिरणीतल्या कामगारांचे निरोप, शाळांचे गट... सगळं सोलापूर त्यांत आहे. नरसय्या कुठंच नाही. कसा असणार? प्रत्येक फोटोच्या वेळी दिवा धरून तोच बाजूला उभा असायचा. त्याला कधी समोर उभं करावं, असं मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी हाताला ती निगेटिव्ह लागली आणि मी पेटी बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली. गेला महिनाभर हेच चाललंय. म्हणून आता लिहायला बसलोय.

नरसय्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातला. बाप आणि दोन भाऊ मागावर होते. हा माझ्याकडे निगेटिव्ह दुरुस्त करायला आला आणि राहिला. त्याचा हात इतका हलका, की नवरीच्या गालावरचा देवीचा व्रण तो असा पुसायचा की सासरच्यांना तो पुढे प्रत्यक्षच दिसावा. गिऱ्हाइकांसमोर मला "मालक" म्हणायचा, ते गेले की "दिगू, चहा सांग बे." डार्करूममध्ये घड्याळ दिसत नाही. तिथं नरसय्या तेलुगूत आकडे म्हणायचा... ओकटी, रेंडू, मूडू... एका चालीत, ना पुढे ना मागे. लहानपणी बापाच्या मागाखाली बसून तो धोट्याच्या फेऱ्या मोजायचा, त्यातून ती चाल आली होती. त्याच्या मोजण्यावर मी निर्धास्त असायचो. मलाही ते आकडे पाठ झाले.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी एका गिरणीमालकाने गावाबाहेरच्या आपल्या कापसाच्या गोदामात संग्रहालय काढलं. जुन्या मोटारी, वाफेची इंजिनं, हातमाग, आणि मधोमध लढाईतलं चार इंजिनांचं बाँबफेकी विमान. लिलावात घेऊन, तुकडे करून, मालमोटारींतून आणलेलं. पंख मावेनात म्हणून गोदामाची एक भिंत पाडून पुन्हा बांधली होती. मालकांना कॅलेंडरासाठी त्याचा फोटो हवा होता. दिवसा तो निघेना. छपराच्या काचांतून उन्हाचे पट्टे पडायचे आणि एवढं थोरलं धूड चट्ट्यापट्ट्याचं दिसायचं. तेव्हा ठरलं, रात्री घ्यायचा. सगळा अंधार करायचा, कॅमेऱ्याचं झाकण काढून ठेवायचं, आणि एकाने हातात दिवा घेऊन विमानाच्या अंगाखांद्यावरून हिंडत त्याचा एकेक भाग उजळायचा. दिवा धरणारा काळ्या कपड्यात असला आणि हलता राहिला, तर तो फोटोत येत नाही. फक्त उजळलेलं विमान येतं.

दिवा धरणारा अर्थात नरसय्या. त्याने भावाकडून एक जुना सदरा-पायजमा काळा रंगवून आणला. रंग कच्चा होता, त्याची मान काळी झाली. दिव्याला डालड्याच्या डब्याचा आडोसा केला होता, उघडा दिवा कॅमेऱ्याकडे वळू नये म्हणून. वर चढायच्या आधी त्याने चपला काढल्या आणि विमानाला हात लावून नमस्कार केला. विणकराच्या घरात मागावर कोणी चप्पल घालून पाय देत नाही. विमान हेही त्याच्या लेखी यंत्रच. मी म्हणालो, "रबरी बूट घाल. घसरशील."

"यंत्रावर बूट घालून चढतेत व्हय? अनवाणी जातो की."

"तळवे चमकतील. फोटोत येतील."

मग मीच खिशातून काळे पायमोजे काढून दिले. ते माझे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्र्यावर अनवाणी पाय धरतो, मोजा धरत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

निगेटिव्हच्या दोन प्लेटा वायरीच्या गुंत्यात वाया गेल्या. तिसरी शेवटची. मालकांनी एकच रात्र दिली होती. मी झाकण काढलं. अंधारातून आकडे येऊ लागले. नाक झालं. उजवा पंख झाला. डाव्या पंखाला चाळीस मोजायचे होते. नरसय्या पंखाच्या टोकाकडे सरकत होता... इरवै, इरवै ओकटी, इरवै रेंडू, इरवै मूडू...

तेवीस. तिथं आवाज थांबला. उजेडाची एक वाकडी रेघ वरून खाली आली, काच फुटली, आणि मग काहीतरी जड फरशीवर पडलं.

विमानाची शेपटी अजून अंधारात होती. झाकण लावून गोदामातल्या दिव्यांचं भिंतीवरचं बटण दाबायला मला पाच सेकंद लागले असते. मी ते केलं नाही. पायाशी दुसरा दिवा होता. तो घेऊन मी शेपटीकडे गेलो आणि साठ आकडे मोजून ती उजळली. मोठ्याने मोजले, तेलुगूत, त्याच्याच चालीत. मग परत येऊन झाकण लावलं. मग बटण दाबलं. नरसय्या पंखाखाली कुशीवर पडला होता, तोंडात स्वतःचं मनगट धरून. मांडीचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात त्याची बायको आली. तिने विचारायच्या आधीच मी म्हणालो, "वहिनी, मी धावणारच होतो. तोच ओरडला, कॅमेरा बंद करू नको, फोटो जाईल." का म्हणालो... तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यादेखत नवऱ्याला फैलावर घेतलं, "जिवापेक्षा फोटो मोठा होता काय हो?" नरसय्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "व्हय, मीच वरडलो की. शेवटची प्लेट होती."

त्या दिवसापासून ती गोष्ट त्याची झाली. पुढे चाळीस वर्षं तो ती माझ्यापेक्षा रंगवून सांगायचा. लोक हसायचे, "नरसय्या, लई येडा बे तू!" मीही हसायचो. त्याने मला माफ केलं होतं, की ती गोष्ट माझ्यासमोर पुन्हा पुन्हा सांगून मला काही आठवून देत होता? हे मला कधी ठरवता आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. दीड मिनिटाने त्याच्या हाडाचं काही जास्त बिघडलं नसेलही. डॉक्टरांना विचारता आलं असतं. तेही विचारलं नाही. तो जन्मभर लंगडला, एवढं खरं.

प्लेट धुऊन प्रत काढली तर विमान अप्रतिम आलं होतं. फक्त डाव्या पंखापासून फरशीपर्यंत ती वाकडी पांढरी रेघ. नरसय्याचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता. मी निगेटिव्ह घेऊन त्याच्या घरी गेलो, म्हणालो, ही रेघ तेवढी काढून दे. आता लिहिताना कळतं, मी कुणाकडे काय मागत होतो. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. ब्रश मागितला नाही.

"राहू दे की, दिगू," तो म्हणाला. "सगळ्या फोटोत मी तेवढाच दिसालोय."

रेघ राहिली. कॅलेंडर निघालं. पुढे एका स्पर्धेत त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, ते रेघेमुळेच. परीक्षकांना वाटलं, आकाशातून विमान कोसळण्याची ती खूण आहे. "कल्पना कशी सुचली?" म्हणून विचारलं, तेव्हा मी सुचल्यासारखं उत्तर दिलं. खाली नाव माझं एकट्याचं.

दहाव्याला गेलो, तेव्हा दुसरा फोटो नाही म्हणून लक्ष्मीला त्याचीच मोठी प्रत नेऊन दिली. तिने ती भिंतीवर लावून हार घातला होता. पाहुण्यांना ती सांगत होती, "अप्पा पडले तरी वरडले, बंद करू नको! असले होते." माझ्या हातात चहा होता. तो गार झाला. तसाच ठेवून मी निघून आलो.

हा मजकूर छापायला देण्याआधी मागच्या रविवारी तिला वाचून दाखवला. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे अप्पा वरडलेच नाहीत?"

"ओरडला."

"काय?"

"माझं नाव. दोनदा."

ती उठली, फोटोपाशी गेली, हार बाजूला सारून तिने त्या रेघेवर बोट ठेवलं, वरपासून खालपर्यंत नेलं आणि खाली, रेघ संपते तिथं, थांबवलं. बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "काका, ते साठ मोजा. मला बघू द्या किती वेळ होता ते."

मी मोजले. ओकटी, रेंडू, मूडू... त्याच चालीत, ना पुढे ना मागे. घरात पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं. चाळीसच्या पुढे मी अडखळलो, तेव्हा ती नुसती "मोजा" म्हणाली. साठ आकडे फार लांब असतात. शेवटी मी "अरवै" म्हणालो, साठ, तेव्हा तिने बोट काढलं.

"मग लावला दिवा?"

"हो," मी म्हणालो. "मग लावला."