दमयंतीकाकूंची स्लाइड

शिरगावच्या दिनानाथ सावेंनी बोईसरला पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. कामगारांचे गेटपासचे फोटो हा धंदा आणि लग्नाच्या मुलींचे फोटो ही कीर्ती. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून काका पुळी, तीळ, भाजल्याचा डाग, काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नसत. ‘सावेंकडे फोटो काढला की अर्धं लग्न जमलंच,’ असं लोक म्हणायचे. उरलेल्या अर्ध्याचं काय होणार, ते मुलगी समोर आल्यावर कळायचं.

तीच पेन्सिल त्यांनी घरीही चालवली. दमयंतीकाकूंना लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर वण होते. काकांनी छापलेल्या एकाही फोटोत ते दिसत नाहीत. फोटो बघून काकू म्हणायच्या, “ही कोन बाय आनलात?” काका हसायचे. आपण बायकोचं कौतुकच करतोय, अशी त्यांची समजूत. माणूस कलाकार, पण या बाबतीत ठार आंधळा. शेजारी असूनही मी हे लिहितो.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेरावं झाल्यावर भिंतीवरच्या फोटोकडे बघत काका मला म्हणाले, “ही ती नाय रे. तिचा खरा चेरा माज्याकडं नाय.”

मग त्यांना स्लाइडचा एक जुना डबा आठवला. तारापूरच्या वसाहतीतल्या कुणा साहेबाने पूर्वी स्लाइडचा, म्हणजे छोट्या पारदर्शक रंगीत चित्रांच्या फिल्मचा, एक रोल दिला होता; तो काकांनी घरीच वापरला. त्यातल्या एका स्लाइडमध्ये काकू वाडीत पानवेलींना पाणी घालत होत्या. इवल्याशा स्लाइडवर पेन्सिल चालत नाही, म्हणून तेवढ्यात वण वाचले. पण चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि वर खाऱ्या हवेत चिकटून बसलेली धूळ. संगणकावर मोठं करून दाखवणारा स्कॅनर हवाच होता.

मी काकांना पालघरला चिरागच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात नेलं. परवडणारं एक मशीन त्याने काढलं. “काका, धूळ आपोआप जाते!” म्हणत त्याने स्लाइड आत सरकवली. पडद्यावर काकू आल्या. गाल सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत.

काकांचा चेहराच उतरला. “यानं पन तेच केलं, जे मी जनमभर केलं.”

चिराग ओशाळला. हे मशीन प्रत्येक बारीक ठिपक्याला धूळच समजतं, म्हणाला. दुसरं एक असतं, ते वेगळ्या उजेडात फक्त धूळ ओळखतं, चित्राला हात लावत नाही. पण ते मागवावं लागेल आणि किंमत तिप्पट. मी निम्मे देतो म्हटलं तर काकांनी हात हलवून नको म्हटलं.

“ती धूळ काढायची सोय बंद करता येते काय?” त्यांनी विचारलं.

“येते की.”

“मग हाच दे.”

घरी मशीन माझ्या लॅपटॉपला जोडलं; फुंकून, मऊ ब्रशने झाडून त्यांनी स्लाइड पुन्हा लावली. तरीही पडद्यावर काकूंच्या गालांवर शेकडो ठिपके. धूळ कुठली आणि वण कुठले, मला काही कळेना. काकांनी चष्मा चढवला, माझ्याकडून माउस शिकून घेतला आणि एकेक ठिपका तपासून धुळीचे तेवढे पुसायला लागले. “हा धुळीचा. हा तिचा. हा पन तिचा.”

“काका, ओळखता कसं?”

“चाळीस वर्सं तिच्या समोर बसून जेवलो हाय.”

तिसऱ्या दिवशी हनुवटीजवळच्या एका ठिपक्यापाशी त्यांचा हात थांबला. “हा आटवत नाय रे,” म्हणाले आणि रडायला लागले. माझेही डोळे भरून आले. त्यांची सुटका व्हावी म्हणून मी म्हटलं, “काढून टाका, कुणाला कळणार आहे?”

त्यांनी माउसवरचा हात उचलला.

“नको. आता माज्या हातानं तिचं काय काढायचं नाय. धूळ असली तर असू दे.”